कोलकात्याची वेळ

बोरीच्या पुलाकडून आलं की डाव्या हाताला,
रसवंतीला लागून माझं दुकान.
येणारा आधी विचारतो, "दादा कुठे गेले?"
दादा नाहीच कुणी. मीच आहे. बसा.

टेबलावर आज तीन यंत्रं उघडी.

पहिलं भटू शिंप्याच्या फोटो स्टुडिओतलं.
त्याला विंडोज हवी, "जुनीच द्या, ती बरी होती."
ही आधी लग्नघरासारखी गोड बोलते,
नमस्कार, सगळी तयारी चाललीय, थोडाच वेळ.
मग सत्याऐंशी टक्क्यांवर बसते रुसून
मानाचं लुगडं न मिळालेल्या मावळणीसारखी.
'यंत्र बंद करू नका' असं पडद्यावर येतं,
ते महावितरणला कोण कळवणार?
सव्वादोनला लाइट गेली.
बाहेर पंचेचाळीस, आत यूपीएसची चिंचिं,
तीही थोड्या वेळानं गप्प.
पुन्हा पहिल्यापासून.
मग ती पंचवीस अक्षरांची किल्ली
बुडाला चिकटवलेली, घासून गेलेली,
तिथं बी की आठ, ओ की शून्य.
भटू म्हणतो, "टाका ना ताई अंदाजे."

दुसरं बोरसे सरांच्या शाळेचं.
दोन जीबीत काय मावणार? लिनक्स टाकली.
फुकट. आणि मागतही काही नाही.
ही ताट वाढत नाही,
पीठ, परात, तवा कुठे ठेवलाय ते दाखवते
आणि बाजूला होते.
वीस मिनिटांत बसली. मी हात पुसले,
तर आवाज नाही.
आवाज आणला तर वायफाय गेलं.
काळ्या पडद्यावर ओळ लिहायची,
एक टिंब हुकलं की उत्तर : असं काही नाही.
रागानं नव्हे, अगदी शांतपणे,
रजेवर गेलेल्या कारकुनाच्या शेजारच्या कारकुनासारखं.
सरांना शाळा सोडल्याचे दाखले छापायचेत,
आणि प्रिंटर प्रत्येक 'प्र' मोडून
पाय एकीकडे, डोकं एकीकडे टाकतोय.
मध्येच तिनं विचारलं होतं, शहर निवडा.
अमळनेर नाही, धुळं नाही, जळगाव नाही.
पुण्या-मुंबईचीही नावं नव्हती, तेवढं बरं वाटलं.
कोलकाता निवडलं.
अकरा वर्षांत तालुक्यातली निम्मी घड्याळं
मी कोलकात्याला लावलीत.

तिसरं कोकिळाबाई बडगुजरांचं.
टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून आणलं होतं,
चावलेल्या सफरचंदाचं.
मुलानं पुण्याहून पाठवलेलं, त्याचं जुनं.
याला काहीच करावं लागत नाही. ना किल्ली, ना काळा पडदा.
सगळं आपोआप, गुळगुळीत,
आणि शेवटी एकच प्रश्न : मालक कोण?
मालकाच्या फोनवर सहा आकडे गेलेत, ते भरा.

मालक रात्रपाळी करून झोपलेला.
बाईंनी फोन लावला. तो दचकून उठला,
"काय झालं? बरी आहेस ना?"
मग आकडे. त्यांनी ते तळहातावर लिहून घेतले,
सावकाश, सातला आडवी रेघ देत.
तोवर मुदत संपली.
पुन्हा फोन. या वेळी त्यानं विचारलं,
जेवलीस का?
तिसऱ्यांदा आकडे लागले, तरी दोघं बोलतच होते,
गुडघ्याबद्दल, घरमालकाबद्दल,
कळण्याच्या भाकरीबद्दल.
मी भटूच्या यंत्राकडे पाहत बसले. एकसष्ट टक्के.

फोन ठेवून बाई म्हणाल्या,
"हाई आखो एकदाव इचारी का?"
मला वाटलं, कंटाळल्या असतील.
नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं.

पडद्यावर शेवटची चौकट होती :
या यंत्रावर भरवसा ठेवायचा?
हो. आत्ता नको.

मी 'आत्ता नको' दाबलं.
म्हटलं, विचारेल. अधूनमधून विचारतच राहील.
शंभर रुपये झाले.